वितळतार

शास्त्राच्या मराठी परिभाषेतले काही शब्द पाठ्यपुस्तकाच्या बाहेर कधी आलेच नाहीत. ‘वितळतार’ हा त्यांपैकी एक. शाळेत आपण तो लिहितो, त्याची व्याख्या दोन गुणांसाठी पाठ करतो, आणि घरातले दिवे गेले की ‘फ्यूज उडाला’ असेच म्हणतो. अशा शब्दांची वर्गात थट्टा करणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांत मीही होतो. गेल्या मे महिन्यात अकोल्याला एका जुन्या मोटारीच्या उघड्या बॉनेटसमोर उभा असताना हा शब्द आठवला, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार निदान मला तरी नव्हता, हे जाणवले. ‘फ्यूज’ हे आपल्या कानाला नुसते नाव आहे. ‘वितळतार’ म्हणजे जी वितळावी म्हणूनच बसवलेली असते ती तार; नावातच तिचे काम आले. त्या दुपारची, आणि तिच्यामागे दडलेल्या दुसऱ्या एका दुपारची ही हकीकत.

थोरल्या बहिणीचे सासर अकोल्याचे. अमरावतीहून अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी गावे मागे टाकत जाणारा हा रस्ता आमच्या पिढीने खड्ड्यांसह पाठ केलेला. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला, पण मे महिन्यात अकोल्याला जाणे हे अजूनही धाडसच आहे. २०२४ च्या मे महिन्यात उन्हामुळे तिथे जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले होते. एरवी दंगलीसाठी राखून ठेवलेले कलम सूर्यापायी वापरावे लागले, यात अकोल्याचा उन्हाळा पुरता आला.

भाऊजींनी तीस वर्षे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात काढली. फाटकावर खिशातली काडेपेटी आणि विड्या काढून ठेवायच्या, हा तिथला पहिला नियम. रुईत पडलेली ठिणगी नेहमी दिसतेच असे नाही. ती दाबलेल्या गाठीत बंद झाली तर कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहते, आणि गाठ गोदामात गेल्यावर तोंड काढते. निवृत्तीनंतरही भाऊजी रात्री झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणे स्वतः बंद करतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो. पगारातून पैसे साठवून त्याने जुनी मोटार घेतली, आणि घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात तिच्या डिकीत दोन सबवूफर बसवायला काढले. मी पोहोचलो तेव्हा घरामागच्या टिनाच्या छपराखाली हे काम चालले होते.

सबवूफर म्हणजे अगदी खालचे, ढोलाचे आणि बासचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर. साधारण २० ते १०० हर्ट्झ या पट्ट्यातला हा आवाज कानाइतकाच छातीनेही ऐकायचा असतो. मी जरा कुत्सितपणेच विचारले, “हे कशासाठी रे?” त्याने दिलेले उत्तर मला आवडले. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या देवळाकडे कावडी येतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक पाहताना ढोलाचा ठोका त्याच्या पोटात उतरला होता. “तो ठोका मोबाइलात येत नाही, मामा,” तो म्हणाला. मर्ढेकरांच्या संवादलय, विरोधलय, समतोललय या तीन संज्ञा मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. लय ही अंगाला लागावी लागते, ही साधी गोष्ट मात्र मी कधी वर्गात बोललो नव्हतो.

त्याच्या प्रत्येक सबवूफरमध्ये चार-चार ओहमच्या दोन कॉइली होत्या, म्हणजे एकूण चार. या चार कॉइली अँप्लिफायरला कशा जोडायच्या, हा पहिला प्रश्न. पाठ्यपुस्तकातले ‘एकसर’ आणि ‘समांतर’ हे शब्द इथे कामाला येतात. चारही कॉइली समांतर जोडल्या तर एकूण रोध एक ओहम होतो. प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइली आपसांत एकसर जोडून मग ते दोन सबवूफर समांतर जोडले, तर चार ओहम. चारही एकसर जोडल्या, तर सोळा. भाच्याने पहिला मार्ग धरला होता, कारण मित्राने त्याला ‘कमी ओहम, जास्त पावर’ असा मंत्र दिला होता. मंत्र अर्धा खरा आहे. रोध कमी झाला की धारा वाढते. पण ती वाढलेली धारा अँप्लिफायरलाच पुरवावी लागते. त्याच्या अँप्लिफायरच्या तळाशी ‘किमान दोन ओहम’ असे छापलेले होते. एक ओहमचा भार लादला असता तर त्याच्या ताकदीबाहेरची धारा ओढली जाऊन तो तापला असता. सुरक्षा-यंत्रणा चांगली असती तर बंद पडला असता, नाही तर जळाला असता. या तीन जोडण्यांपैकी चार ओहमचीच त्याच्या कामाची होती.

हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेऑर्ग ओहम हा शाळामास्तर होता, हे मी भाच्याला सांगितले. कोलोनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या माणसाने १८२७ मध्ये आपले पुस्तक छापले. जर्मनीतल्या विद्वानांनी त्याचे स्वागत इतके थंडपणे केले की त्याने नोकरीच सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. “म्हणजे मास्तर बरोबर होते, पण चौदा वर्षं कोनं ऐकलं नाही,” भाचा हसून म्हणाला. आमच्या घरात मास्तरांची परंपरा आहे. माझे वडीलही शाळामास्तरच होते. तो त्यांचा नातू.

मग त्याने बॉनेट उघडून बॅटरीकडून डिकीपर्यंत नेलेली जाड लाल वायर दाखवली. ती बॅटरीच्या धन अग्रापासून निघत होती, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातल्या भोकातून आत शिरत होती, आणि पायाखालच्या गालिच्याखालून सरळ मागे जात होती. साडेचार-पाच मीटरच्या या वाटेवर वितळतार कुठेच नव्हती.

“फ्यूज?” मी विचारले.

“अँप्लिफायरले त्याचा फ्यूज हाये ना, मामा. मंग इथं कायले पाह्यजे? तो पह्यले लावला होता, तर उडून राह्यला होता सारखा. काढून टाकला.”

वायर ज्या भोकातून आत जात होती त्याच्या कडेला रबर नव्हते. पत्र्याची धार उघडी होती. मी बोट लावून पाहिले. वायरच्या लाल आवरणावर एक बारीक चरा पडलेला होता. मोटार पंधरा दिवससुद्धा चालली नव्हती.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. अँप्लिफायरवरचा फ्यूज अँप्लिफायरपुरता असतो. बॅटरीजवळचा फ्यूज त्या लांब वायरसाठी असतो. मोटारीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण अग्राला जोडलेला असल्यामुळे, लाल वायरचे आवरण कुठेही फाटून आतले तांबे पत्र्याला टेकले की मंडल तिथल्या तिथे पुरे होते. रोध जवळपास शून्य. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर धारा सोडते. डिकीतल्या अँप्लिफायरवरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण धारा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, वाटेतच पत्र्यात उतरते. वायर लाल होते, गालिचा पेटतो. किल्ली काढून घेतली तरी ती वायर थेट बॅटरीवर असते. म्हणून वितळतार बॅटरीपासून फार तर दीड फुटावर बसवायची. आपल्या जुन्या मापाने एक हात. तिच्या पुढची सगळी वायर तिच्या राखणीत येते. उगमापासून तिच्यापर्यंतचा तेवढा हातभर तुकडाच बिनराखणीचा उरतो.

“पण बारा व्होल्टचा करंट लागते कुठं माणसाले?” भाच्याचा हा प्रश्न अनेकांचा असतो. माणसाला झटका बसत नाही, हे खरे. पण आग व्होल्ट विचारत नाही, अँपिअर विचारते. त्याच्या पाचशे वॉटच्या अँप्लिफायरला, थोडी ऊर्जा उष्णतेत वाया जाते हे धरून, सव्वासहाशे वॉट लागतील. घरातल्या २३० व्होल्टवर ही पावणेतीन अँपिअरची गोष्ट. मोटारीच्या तेरा व्होल्टवर ती अठ्ठेचाळीस अँपिअरची होते. आणि वायर तापते ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात: धारा दुप्पट, उष्णता चौपट.

“मामा, तुम्हाले एवढं कसं माहीत?” त्याने विचारले. मी “वाचलं कुठंतरी” म्हणालो. ते खोटे नव्हते. पण का वाचले, ते मी एकोणचाळीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते.

१९८६ च्या मे महिन्यात आम्ही अमरावतीत अंबापेठेत भाड्याने राहत होतो. त्या वर्षी वडिलांनी जुना लोखंडी कूलर घेतला होता. वऱ्हाडात कूलर ही चैन नव्हे, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला समजावणे कठीण आहे. घराचे वायरिंग लाकडी पट्टीवरचे, जुने. कूलरच्या जोडीला शेजारणीने इस्त्री लावली की फ्यूज उडायचा. चिनी मातीचे पांढरे किटकॅट काढायचे, त्यात बारीक तार भरायची, पुन्हा बसवायचे, हे काम माझ्याकडे होते. मी चौदा वर्षांचा होतो आणि त्या कामाचा मला अभिमान होता. एका दुपारी तिसऱ्यांदा फ्यूज उडाला तेव्हा मी कंटाळलो. टाकून दिलेल्या एका वायरमधले तांब्याचे धागे काढले, त्यांना चांगला पीळ दिला आणि ती जाड तार किटकॅटमध्ये भरली. फ्यूज पुन्हा उडाला नाही. आठवडाभर घरात माझे कौतुक झाले.

आठव्या दिवशी माजघरातली लाकडी पट्टी पेटली. दुपारची वेळ, सगळे पुढच्या खोलीत कूलरसमोर झोपलेले. पट्टीखाली वडिलांची पुस्तकांची मांडणी होती आणि वरच्या फळीवर त्यांच्या वह्या. सुट्टीत सायकलने आणि एस.टी.ने दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या तालुक्यांत फिरून त्यांनी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. विजेवरची पिठाची गिरणी गावोगाव आली आणि जाती कोपऱ्याला लागली; म्हाताऱ्या बायकांनाही ओव्या बसल्या जागी आठवत नसत. म्हणून वडील त्यांना हाताने जाते फिरवल्यासारखे करायला सांगत, आणि मग ओळी येत. अशा अकरा वह्या होत्या. आग विझवली तेव्हा सात उरल्या. ज्यांच्याकडून त्या ओव्या घेतल्या होत्या त्यांतल्या बऱ्याचजणी तोवर गेलेल्या होत्या.

संध्याकाळी वायरमन आला. त्याने किटकॅट ओढून काढले, आतली जाड तार बघितली आणि म्हणाला, “गुरुजी, हे कोनं भरलं?” मी दाराआड उभा होतो. वडिलांनी त्या तारेकडे पाहिले, मग एकदा दाराकडे, आणि म्हणाले, “मीच भरली.”

तो विषय पुन्हा निघाला नाही. वडील १९९९ मध्ये गेले. उरलेल्या सात वह्या माझ्याकडे आहेत.

मी व्याकरण शिकवतो, म्हणून एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. विजेच्या अपघातांबद्दल बोलताना आपली भाषा जवळजवळ नेहमी अकर्मक होते. आग लागली. वायर जळाली. फ्यूज उडाला. वर्तमानपत्रात ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचले आहे की शॉर्ट सर्किट हे जणू वळवाच्या पावसासारखे वरून पडते. या वाक्यांत कोणी वायर निवडलेली नसते, कोणी तार भरलेली नसते, कोणी कंटाळलेले नसते. आमच्या घरातही पुढे त्या दुपारचा उल्लेख ‘ते माजघर जळालं तेव्हा’ असाच होत राहिला, आणि त्या वाक्यरचनेच्या सावलीत मी सुखाने राहिलो. त्या सगळ्या प्रकरणात कर्ता असलेले एकच वाक्य बोलले गेले. ते वडिलांचे होते, आणि त्यातला कर्ता खोटा होता.

त्या दुपारी छपराखाली भाच्याला मी हे सांगितले. ताई पन्ह्याचे पेले घेऊन आली होती. ती दारातच थांबली. माझे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “मले माहीत होतं. बाबानं तेव्हाच सांगतलं होतं, त्याले विचारू नका म्हून.” पेले ठेवून ती आत गेली. भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातला चष्मा काढून लावला आणि पत्र्याच्या धारेवरून बोट फिरवून पाहिले.

उन्हे कलल्यावर आम्ही सगळे काम नव्याने केले. पाना हातात घेतला की आधी बॅटरीचे ऋण अग्र सोडवायचे आणि जोडताना ते शेवटी जोडायचे. ते जोडलेले असताना धन अग्रावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तर त्या पान्यातूनच मंडल पुरे होते. जुनी वायर कापून पाहिली तेव्हा आत अॅल्युमिनियम निघाले, वर नुसता तांब्याचा मुलामा. जाडी बरीचशी रबराची. बाजारातून चार गेजची, म्हणजे सुमारे एकवीस चौरस मिलिमीटर छेदाची, अस्सल तांब्याची वायर आणली. पत्र्याच्या भोकात रबराची कडी बसवली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर साठ अँपिअरचा फ्यूज आला. हा आकडा वायरला किती धारा सोसते यावरून ठरवायचा. कितीचा टाकला म्हणजे उडणार नाही, यावरून नव्हे. अँप्लिफायरची जमिनीची वायर, पाठ्यपुस्तकातले ‘भूसंपर्कन’, लाल वायरइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवली. तिच्यासाठी रंग खरवडून पत्रा उघडा केला. आधी ती नुसती रंगावर कसलेली होती. पहिला फ्यूज सारखा का उडत होता, तेही कळले: एक ओहमच्या जोडणीमुळे धारा प्रमाणाबाहेर जात होती. फ्यूज बरोबर सांगत होता. आम्ही सांगणाऱ्यालाच काढून टाकले होते. आवाजाची बारीक वायर दुसऱ्या बाजूने नेली, नाही तर इंजिनाची चीं-चीं स्पीकरमध्ये येते. डिकीत स्क्रू मारण्यापूर्वी भाऊजींनी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी कुठवर आली आहे ते पाहिले.

शेवटी ‘गेन’. हे बटण म्हणजे आवाज नव्हे, हे भाच्यालाही नवे होते. समोरून येणारा संदेश केवढा आहे त्याच्याशी अँप्लिफायरची जुळणी करणे, एवढेच त्याचे काम. ते वाटेल तसे वाढवले की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आवाज फाटतो, आणि त्या कापलेल्या लहरींनी कॉइल तापून जळते. कमी ताकदीच्या अँप्लिफायरनेही मोठा स्पीकर जळू शकतो, तो असा. बोलण्यासारखे थोडे आणि जोर फार, अशी भाषणे आपण साहित्यसंमेलनांत ऐकतोच. आवाजाची मर्यादा कायद्यातही आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बंद गाडीत सबवूफर शंभराच्या पुढे सहज जातो. तिथे कायद्याआधी कानच जातात.

रात्री आठच्या सुमारास ऋण अग्र कसले. भाच्याने ढोल-ताशाचे एक ध्वनिमुद्रण लावले. पहिल्या ठोक्याला छपराचे टिन थरथरले, आणि खरे सांगतो, तो ठोका माझ्याही पोटात उतरला. त्याने लगेच आवाज कमी केला. दहा मिनिटांनी आम्ही दोघांनी वायरवर जागोजागी हात ठेवून पाहिले. ती गार होती.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने गाडीचा समोरचा कप्पा उघडून दाखवला. त्यात साठ अँपिअरचे दोन जादा फ्यूज ठेवलेले होते. “ऐंशीचा नाही घेतला,” तो म्हणाला. “हे दोन गेले, तर मंग गाडी उभी करून कारन पाहीन.”

अमरावतीला परतल्यावर मी कपाटातून सात वह्या काढल्या. पहिल्या पानावर वडिलांच्या अक्षरात क्रमांक आहेत: एक, दोन, पाच, सहा, आठ, नऊ, अकरा. तीन, चार, सात आणि दहा नाहीत. सातवीच्या आतल्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. आता त्या टंकून घ्यायला बसलो आहे. प्रस्तावनेत चार वह्या का नाहीत, हे लिहावे लागेल. ते वाक्य मी सकर्मक लिहिणार आहे.